मदत हवी आहे: शब्दात 'फास्ट' आणि अर्थ मात्र न हलणारा, असं का? (अर्जंट)

घाईतली_आई: लेकीला उद्या सकाळी वर्गात इंग्रजी शब्दाची फोड करून उगम सांगायचाय. फास्ट म्हणजे वेगवान असं धरलं तर अर्थ उलटाच होतो, दोन तास डोकं फोडतेय, कुणीतरी पटकन सांगा.

नाना_पुणे: ब्रेकफास्ट असणार. फास्ट म्हणजे उपवास, तो मोडायचा. आमच्याकडे एकादशीला...

शब्दवेडी: नाना, त्यांनी 'न हलणारा' लिहिलंय. ताई, शब्द कुठला ते तरी सांगा!

घाईतली_आई: अरे हो, स्टेडफास्ट. स्टेडी अधिक फास्टच ना?

शब्दवेडी: नाही. जुन्या इंग्रजीत स्टेडेफॅस्ट होता. स्टेडे म्हणजे जागा, होमस्टेड आणि इन्स्टेडमध्ये तोच आहे. फॅस्ट म्हणजे घट्ट, जर्मनमध्ये अजून फेस्ट म्हणतात. म्हणजे जागा घट्ट धरून उभा. 991 साली इंग्लंडात माल्डनला व्हायकिंगांशी लढाई झाली, तिच्यावरच्या जुन्या कवितेत सैनिक असेच 'स्टेडेफॅस्ट' उभे आहेत.

कापडवाला_इचलकरंजी: यात अवघड काय, आम्ही रोज म्हणतो की, रंग फास्ट आहे! वडील ओल्या पांढऱ्या रुमालानं साडीचा काठ चोळून गिऱ्हाइकाला रुमाल दाखवायचे, डाग नाही म्हणजे फास्ट. वेगाचा काय संबंध?

घाईतली_आई: मग वेग आला कुठून??

शब्दवेडी: घट्ट, मग नेटानं, मग नेटानं पळणं, असा सरकत वेगावर आला. फास्ट अस्लीपमध्ये जुना अर्थ टिकलाय. उपवासही त्यातलाच, नेम घट्ट धरायचा. नाना अगदीच चुकले नाहीत.

संस्कृतप्रेमी: स्टेडे हा सरळ आपल्या 'स्थिति'वरून घेतलाय, सगळं संस्कृतातूनच गेलं.

शब्दवेडी: घेतलेला नाही हो. दोन्ही एकाच आणखी जुन्या धातूपासून आलेत. बहिणी आहेत, आई-लेकी नाहीत.

संस्कृतप्रेमी: हे पाश्चात्यांचं मत झालं.

शब्दवेडी: वेगळा धागा काढा, तिथे बोलू, ताईंना उद्या सकाळी हवंय. ताई, लेकीला 'ठाण मांडून बसणे' सांगा. ठाण हा स्थानवरूनच आलाय, त्यामुळे स्टेडफास्टला याहून जवळचं मराठी मला तरी सुचत नाही. अजून एक, शेमफेस्ड आधी शेमफास्ट होता, लाजेनं घट्ट बांधलेला. लोकांना फास्ट कळेना, त्यांनी फेस केलं.

नाना_पुणे: इंग्रजी सुधारायला रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावा.

घाईतली_आई: शब्दवेडी, फार आभार. ठाण मांडून ऐकल्यावर लेक उठून पाय रोवून उभीच राहिली, म्हणाली उद्या असंच करून दाखवते. कापडवाले दादा, तो ओला रुमालपण नेतेय ती.