विषय: डावा प्लग कुणाकडं आहे? शनिवारी निघायचंय

प्रेषक: नाना (देखभाल)
मंडळी, काल आपल्या कॅटमरनचं (दोन हलांच्या शिडाच्या होडीचं) कव्हर काढलं तर दोन्ही हलांच्या, म्हणजे तरंगत्या पोकळ अंगांच्या, मागची पाणी काढायची भोकं उघडीच. उजवा प्लग (भोकाचं बूच) डबीत सापडला, डाव्याचा पत्ता नाही. शनिवारी सकाळी सातला पोरांची बॅच आहे. शेवटी होडी कुणी लावली त्यानं खिसे झाडावेत. वहीत सही नाही, त्यावरनंच कोण ते कळलं.

प्रेषक: तात्या
नाना, शेवटची खेप गणपतीनंतरच्या रविवारची. त्या दिवशी होडी लावली नव्हती, विसर्जन केलं होतं. बापू, पुढच्या वर्षी लवकर या!

प्रेषक: बापू (मुक्काम सांगली)
भाचीच्या लग्नाच्या गडबडीत आहे, तरी एवढं लिहितोच. जिबची (पुढच्या छोट्या शिडाची) दोरी क्लीटमध्ये (दोरी पकडणाऱ्या खाचेत) अडकवून कोण बसलं होतं? साताऱ्याचे तात्या. वारा वाढला, मी "सोड, सोड" ओरडतोय आणि हे अजिंक्यताऱ्यावरनं गाव बघावं तसे बसलेत. वाऱ्याआडच्या हलचं नाक पाण्यात घुसलं आणि आम्ही दोघं शिडावर. पुढं पाऊण तास पोहलो, कारण 16 फुटी होबी, म्हणजे आपली ही कॅटमरन, परत उभी करायला दोरीवर साधारण 135 किलो लटकावं लागतं. आमचं दोघांचं मिळून 122.

प्रेषक: वहिनी
तात्यांना रोज दोन कंदी पेढे चालू करा, वजनाचा प्रश्न मिटेल. पण नाक वाऱ्याकडं वळवलं होतं का आधी? शिडाखाली वारा शिरला की निम्मं काम तोच करतो. आणि शिडाच्या दोऱ्या मोकळ्या सोडल्या होत्या का? नसणार. बापू, येताना भडंग आणा, मागच्या वेळचं मऊ पडलं होतं.

प्रेषक: तात्या
वहिनी, आम्हाला पाणी शिकवू नका. बामणोलीहून वासोट्याला शिवसागरातनं किती वेळा गेलोय त्याला मोजदाद नाही.

प्रेषक: बापू
लाँचमध्ये बसून, शेंगा खात. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा आमच्या गल्लीत जिन्याला होडी लागली होती. आईनं चढण्याआधी विचारलं, "चपला कुठं काढू?" त्या होडीत अकरा माणसं, एक शेळी आणि गॅसची टाकी होती. उलटली नाही, कारण तात्या नव्हते.

प्रेषक: अण्णा
कॅटमरन हा शब्द मुळात तमिळ. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. ओंडके बांधून केलेला तराफा तो. दोन हलांच्या होडीला ते नाव इंग्रजांनी चिकटवलं. तेव्हा "आमची कॅटमरन" म्हणताना जरा जपून.

प्रेषक: एक नवीन सभासद
नमस्कार. बाटलीचं बूच बसवून वरनं एम-सील लावलं तर चालणार नाही का? शनिवारपुरतं?

प्रेषक: नाना (देखभाल)
नाही! एम-सील लावलं की भोक कायमचं बुजलं. मग आत शिरलेलं पाणी काढायचं कुठनं? इथल्या उन्हात बंद हलमधली हवा फुगते आणि जोड उकलतात, म्हणून तर होडी लावताना प्लग काढून ठेवायचा असतो. काढून डबीत. खिशात नाही. गोड्या पाण्यानं धुणं, ट्रॅम्पोलिनच्या (दोन हलांमधल्या ताणलेल्या बैठकीच्या) दोऱ्या ताणणं, शिडाच्या तारांचे तुटके धागे बघणं, हे सगळं मी एकटा करतो आणि सूचना मात्र सगळ्यांच्या. अण्णा, तुमचा तराफा धुवायला कुणी येतं का?

प्रेषक: अण्णा
तराफ्याला भोक नसतं.

प्रेषक: बापू
सापडला! गॉगलच्या डबीत होता. बॅग उपसताना हिच्या हाती लागला, लग्नघरात सगळ्यांना दाखवून झाला, मामेसासऱ्यांना तो प्रेशर कुकरचा भाग वाटला. गुरुवारी रात्री पोचतो, प्लग माझ्याबरोबर. पण नाना, याच्यावर तुमच्याच अक्षरात, लाल नेलपॉलिशनं, 'उ' लिहिलंय.

प्रेषक: नाना (देखभाल)
उ? उजवा तर माझ्या डबीत आहे.

प्रेषक: तात्या
नाना, त्याच्यावर काय लिहिलंय?

प्रेषक: नाना (देखभाल)
काही नाही. पांढरा आहे. आट्यांना थोडा सैल बसतो, मला वाटलं झिजला.

प्रेषक: वहिनी
नाना, पांढरा आणि मागं छोटी साखळी असेल तर तो आमच्या आइसबॉक्सचा आहे. सहलीपासून शोधतेय, गाडीच्या डिकीत दोनदा पाणी सांडलं. शनिवारी घेऊन या. आणि डावा अजून मिळालेला नाहीच, तेवढं वहीत लिहा.