मदत हवी आहे: रोमन नाण्यांवरचं ‘इंपेरातोर’ नेमकं काय सांगतं?

नमस्कार मंडळी,

आमच्या नाणेसंग्राहक गटाच्या प्रदर्शनासाठी माहितीच्या पट्ट्या लिहिते आहे आणि या पदवीपाशी गाडी अडली आहे.

रोममध्ये सम्राट येण्याआधीचा, प्रजासत्ताकाचा काळ सरळ आहे. मोठी लढाई जिंकली की सैनिकच आपल्या सेनानीचा ‘इंपेरातोर’ म्हणून जयघोष करत. ही नेमणूक नव्हे, रणांगणावर मिळालेला मान. सिसेरोसारखा वक्ता माणूससुद्धा किलिकिया (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातला रोमन प्रांत) इथला कारभार पाहताना इ.स.पू. ५१ मध्ये अमानुस डोंगरातल्या टोळ्यांवर चालून गेला आणि इस्सस इथे हा मान मिळवून बसला. मग पत्रांत तो नावापुढे ‘इंपेरातोर’ लिहू लागला. विजययात्रेच्या, म्हणजे रोममधल्या विजयी मिरवणुकीच्या आशेने, लॉरेलची पानं बांधलेले दंड घेतलेले अधिकारसेवक त्याने यादवी पेटल्यावरही सोबत बाळगले. यात्रा काही निघाली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढे मात्र गोंधळ होतो. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या एका दिनारावर (चांदीच्या नाण्यावर), डोकं खाली घालून धडक द्यायला निघालेल्या बैलाच्या पायाशी ‘आयएमपी’ (‘इंपेरातोर’चं लघुरूप) आणि रोमन दहाचा आकडा आहे. नंतरचा सम्राट व्हेस्पेशियन याच्या नाण्यांवर तीच अक्षरं अगदी सुरुवातीला, आकड्याविना. दोन्हींना एकच पट्टी चालेल का? आणि सम्राट रणात नसताना आकडा वाढायचा कसा?

प्रतिसाद:

ताई, पट्ट्या वेगळ्याच करा. सुरुवातीचं ‘इंपेरातोर’ हा नावाचा भाग, आकड्यासोबतचं म्हणजे जयघोषांची मोजणी. ऑगस्टसने ते आपलं पहिलं नावच करून टाकलं. पुढच्या सम्राटांपैकी टायबेरियस आणि क्लॉडियसने ते नावात घेतलं नाही, मोजणी मात्र ठेवली. व्हेस्पेशियनपासून ते सम्राटांच्या नावाला कायमचं जोडलं गेलं.

प्रांतातल्या फौजा सम्राटाच्या अधिकाराखाली लढत, म्हणून सरदाराने जिंकलं तरी जय सम्राटाच्या खाती. ऑगस्टसने स्वतःच असे २१ जयघोष नोंदवले आहेत. एका युद्धात एकदाच हा मान घ्यायचा रिवाज होता. क्लॉडियसने ब्रिटनच्या स्वारीत तो मोडला आणि शेवटी २७ वर पोचला.

जागा उरली तर सेनानी ब्लेससला पट्टीवर घ्याच. इ.स. २२ मध्ये आफ्रिकेत त्याच्या सैन्याला हा जयघोष करायची मुभा टायबेरियसने दिली. राजघराण्याबाहेरच्या सेनानीला मिळालेला तो शेवटचा मान.