उत्तर: २८ तारखेचं सत्र हुरड्याआधी की नंतर?

बालवर्ग, न्यू जर्सी
मंडळी, मुलांशी वर्णभेदाबद्दल बोलायचं सत्र हुरड्याच्या आधीच ठेवा. मागच्या वेळी नंतर ठेवलं तर निम्मी पोरं उसात, उरलेली पेंगत. चाळीस मिनिटं पुरतात. पाच ते आठची वेगळी बसवू. त्यांना अमेरिकेतल्या क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या बाहुल्या सांगते: १९४०च्या दशकात काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवून 'चांगली कुठली?' विचारलं, तर बहुतेकांनी गोरी दाखवली. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राउन खटल्यात हा प्रयोग पुरावा म्हणून आला. मोठ्यांशी पोलीस आणि शाळेतले टोमणे यांवर बोलू. पडद्याचं काय झालं?

हुरडा समिती, सात रस्ता
ताई, वेळ तुम्हीच ठरवलात होय? अकराला आगटी पेटते, ती कुणासाठी थांबत नाही. गार हुरडा कोण खाणार ओ? आणि काळं-गोरं हे तिकडचं, इथल्या पोरांना काय त्याचं? शेतात सोडा की. पडदा नाही, पांढरं धोतर आहे.

लंडन
आप्पा, आपल्या गावात सेटलमेंट आहे, विसरलात? इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मालाच गुन्हेगार ठरवायचं, अशा वस्तीत तारेच्या आत ठेवायचं, हजेरी घ्यायची. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. शिवाय माझी लेक इथल्या शाळेत रंगावरून बोलणी खाऊन येते आणि सुट्टीत सोलापुरात मावशी म्हणते, उन्हात जाऊ नको, काळी पडशील. तिला फरक कळत नाही. मलाही समजावता येत नाही.

जुळे सोलापूर, शाळेकडून
सेटलमेंटची मुलं आमच्याच वर्गात आहेत आणि २८ला येणारेत. पाहुण्यांपुढे उभं करून 'तुझ्या आजोबांचं सांग' म्हणायचं नाही. आपणहून बोलली तर ऐकायचं. हे मान्य नसेल तर मी मुलं आणत नाही. कायदा कुणी केला, पोलीस कशी हजेरी घेत, ते मी सांगेन.
आणि लहानांना बाहुल्या नकोत. ज्या पोरीच्या मनात अजून काही नाही, तिला आपणच सांगायचं की गोरी चांगली वाटते? त्यापेक्षा गोऱ्यांच्या शाळेत गेलेली काळी मुलगी, रूबी ब्रिजेस सांगा. १९६०, न्यू ऑर्लिन्स, वय सहा. सोबत सरकारी मार्शल, दारात ओरडणारे मोठे लोक, आणि वर्षभर वर्गात ती एकटी आणि एक बाई. पहिलीतलं पोर लगेच विचारतं, मग मधल्या सुट्टीत खेळायची कुणाशी?

टोरांटो
त्यापेक्षा डॉ. कोटणीस दाखवा. युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८ला चीनला गेले, १९४२ला तिथंच वारले. परक्यांसाठी जीव देणारा आपल्याच गावचा.

होटगी रोड
स्मारकाला गाडी वळवायची तर डिझेल कोण देणार? शेंगाचटणी मात्र माझ्याकडे, दुसऱ्या कुणी सांगू नये.

बालवर्ग, न्यू जर्सी
बाहुल्या मोठ्यांच्या गटात नेते, तिथं 'असं का?' विचारता येईल. मान्य. आजोबांचा मुद्दाही मान्य, आमच्या पालकांनाही बजावते. त्यांना फोटोंची फार हौस. मावशीच्या वाक्याचं मात्र मोठ्या माणसांपुढेच बोलू, पोरं शेतात गेल्यावर.

हुरडा समिती, सात रस्ता
साडेनऊला सुरू करा. लहान पडवीत, मोठी आंब्याखाली. सव्वादहाला हाक मारणार, तेव्हा उठायचं. मावशीचं माझ्या आगटीजवळ काढू नका, आमची थोरली वहिनी तिथंच असते.