‘जिवाणूंचा वास’, ‘वस्ती’ की ‘संसर्ग’?

खारघरची वाचक: इथे टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात उपचारांसाठी गावाकडून माणसं येतात. त्यांच्या नातेवाइकांसाठी लिव्हरच्या कॅन्सरवर पत्रक लिहितेय. गाठीच्या आत सापडणाऱ्या सूक्ष्मजीवांवर एक परिच्छेद आहे. मी लिहिलं, ‘यकृताच्या अर्बुदातील जिवाणूंचा वास व भूमिका’. पहिल्याच वाचणाऱ्याने विचारलं, गाठीला वास येतो का हो?

नौपाडेकर: येणारच तो प्रश्न! राहणे या अर्थाचा ‘वास’ मराठीत मुख्यतः जोडशब्दांत टिकलाय: वनवास, सहवास, सासुरवास. सुटा आला की बहुधा नाकाकडेच जातो. ‘वस्ती’ करा. आणि ‘अर्बुद’ काढाच. सुश्रुतापासून रोगासाठी वापरतात हे खरं, पण जुन्या गणितात अर्बुद म्हणजे दहा कोटी. ‘गाठ’ सगळ्यांना कळतं.

ऐरोली_लॅब: ‘गाठ’ उत्तम, ‘वस्ती’ला हरकत. वस्ती म्हटलं की जिवंत, नांदते जिवाणू आले. पुष्कळदा हाती लागतात ते नुसते डीएनएचे तुकडे. गाठीत जिवाणू मुळात इतके थोडे, की तपासणीच्या रसायनांतून शिरलेला डीएनएही त्यांच्यावर भारी पडतो. 2020 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या एका निबंधाने 33 प्रकारच्या कर्करोगांत सूक्ष्मजीवांचे ठसे दाखवले होते, त्यात यकृतही होतं. पुढे निघालं की माणसाचाच बराच डीएनए जिवाणूंच्या खात्यावर मांडला गेला होता. 2024 मध्ये तो निबंध मागे घेतला. म्हणून सगळंच खोटं असं नाही. त्याच 2020 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने स्तन, फुप्फुस, स्वादुपिंड अशा सात प्रकारच्या गाठींत, थेट पेशींच्या आत जिवाणू दाखवले. त्या सातांत यकृत मात्र नव्हतं.

‘भूमिका’ही जपून. यकृताला मिळणारं सुमारे पाऊण रक्त पोर्टल व्हेन या शिरेतून, मुख्यतः आतड्यांकडून येतं. त्याबरोबर आतड्यातल्या जिवाणूंची विषारी द्रव्यं यकृतात पोचली की दाह वाढतो आणि गाठींना बळ मिळतं, हे उंदरांत दिसलंय. पण ते जिवाणू आतड्यातले, गाठीतले नव्हेत. गाठीतल्यांबद्दल लिहिताना सध्या ‘संबंध’ पुरे.

खारघरची वाचक: मग ‘जिवाणूंचा संसर्ग’ लिहू?

सिस्टर_कोपरी: अगं, अजिबात नको! पत्रकात ‘संसर्ग’ दिसला की घरी पेशंटचं ताट-पेला वेगळा काढतात. मी वॉर्डात रोज बघते. कॅन्सर जेवणातून, शेजारी बसून लागत नाही, हे वाक्य आधी घाल. ‘संसर्ग’ हेपटायटिस बी आणि सी साठी ठेव. ते खरोखर रक्तावाटे पसरतात आणि यकृताच्या कॅन्सरची मोठी कारणं आहेत. बी ला लस आहे, सी ला औषध आहे. आणि ते विषाणू गं, जिवाणू नव्हेत. छापताना दोन अक्षरांनी घोटाळा होतो.

खारघरची वाचक: असं चालेल? ‘यकृताच्या गाठीत काही वेळा जिवाणूंचे अंश आढळतात. त्यांचा आजाराशी काय संबंध आहे, यावर संशोधन चालू आहे.’

नौपाडेकर: ‘अंश’ प्रसादासारखा वाटतो. ‘खुणा’ करा.

ऐरोली_लॅब: खुणा चालेल. बुरशीचाही उल्लेख येणार असेल तर मात्र ‘जिवाणू’ पुरणार नाही, ‘सूक्ष्मजीव’ लागेल. ‘काही वेळा’ तेवढं कुणी कापू नका.