मदत हवी आहे : मंगोलियन क्राइम थ्रिलर कुठे मिळतील?

मंडळी, परवा रात्री झोप येईना म्हणून मोबाईल चाळताना एक मंगोलियन मारधाडपट हाती लागला. नाव सिरिलिक लिपीत, त्यामुळे वाचताच आलं नाही, आणि सकाळी शोधायला गेलो तर गायब! सबटायटल्स अर्धवट होती, बजेट बेताचं. एकच गोदाम तीनदा वेगवेगळ्या अड्ड्यांच्या नावाने खपवलं होतं, हे माझ्यासुद्धा लक्षात आलं. पण जागचा हललो नाही.

कारण उलानबातर, म्हणजे मंगोलियाची राजधानी. घोडे, गवताळ माळरान, चंगीझ खान यापलीकडचा मंगोलिया मी पाहिलाच नव्हता. इथे उणे तीस अंशांची थंडी, कोळशाच्या धुराने कोंदलेलं आभाळ, टेकड्यांवर गेर तंबूंच्या वस्त्या आणि खाली काचेचे टॉवर. पाठलागही जपानहून आलेल्या सेकंडहँड प्रियस गाड्यांचा. वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंगही उजवीकडे! ओव्हरटेक करणाऱ्याला समोरचं दिसणार कसं? थरार तिथेच तयार. मारामारीत तारांवर उडणं वगैरे नाही. कुस्तीसारखी धरपकड, धापा टाकणारी माणसं. मंगोलियात ब्योख कुस्तीचं वेड आहेच, ते अंगात दिसतं.

तर विचारायचं असं, की या जातीचे आणखी सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससह रीतसर कुठे बघता येतील? पैसे भरायला हरकत नाही. महोत्सवांत गाजणारे संथ, कलात्मक नकोत, ते नंतर. आणि सिरिलिकमध्ये टाईप न करता नावं शोधायची काही युक्ती आहे का?