बेन्झीन मोजायला कार्बन डायसल्फाइड अजून कशाला?

रसायन_ठाणे:
२००९ च्या राष्ट्रीय मानकांत हवेतल्या बेन्झीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. ते मोजायला कितीतरी ठिकाणी अजून हवा ओढून बेन्झीन धरलेली कोळशाची काचनळी फोडतात, कोळसा कुपीत ओततात आणि बेन्झीन सोडवायला वर १ मिली कार्बन डायसल्फाइड घालतात. हे द्रव मज्जासंस्थेला घातक, आणि शंभरेक अंश तापलेल्या पृष्ठभागावर ठिणगीशिवाय पेट घेतं. त्यापेक्षा टेनॅक्स (वाफा धरून ठेवणारा पॉलिमर) भरलेली स्टीलची नळी तापवा, सुटलेली वाफ थेट जीसीत, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडा. द्रावक लागत नाही आणि तीच नळी पुन्हा पुन्हा वापरता येते. नव्या प्रयोगशाळांनी कोळशाच्या वाटेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

जुना_ॲनालिस्ट:
साफ असहमत. टेनॅक्सवर बेन्झीनची पकड मुळात कमी. ऊन चढलं किंवा हवा जास्त ओढली, की ते नळीच्या दुसऱ्या टोकाने निसटतं आणि आकडा कमी येतो. कोळशाच्या नळीत मागचा थर वेगळा तपासता येतो, गळती लगेच कळते. शिवाय कुपीतलं द्रावण पुन्हा इंजेक्ट करता येतं. तापवलेली नळी एकदा रिकामी झाली, की कारखान्याने हरकत घेतल्यावर दाखवणार काय?

पीएएचवाली:
दोघंही १ मिलीवर भांडताय. फिल्टर आणि फोमवर धरलेले पीएएच (बेन्झीनसारखी कडी एकमेकांना जोडलेली प्रदूषकं) सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक उकळून नमुन्यावरून पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात काढताना एका नमुन्याला शेकडो मिली द्रावक जातं. वर १६-१८ तास हीटर चालू आणि कंडेन्सरचं नळाचं पाणी रात्रभर मोरीत. त्या पाण्याचा हिशेब कोणी मांडत नाही, याचा मला खरंच राग येतो. दाबाखाली गरम द्रावकाने तेच काम काही मिनिटांत होतं. सुरुवात तिथून करा.

रसायन_ठाणे:
सॉक्सलेटचं शंभर टक्के मान्य. @जुना_ॲनालिस्ट, पकड हवी तर ग्राफाइटी कार्बन भरा, तोही ओल फारशी धरत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत साधा कोळसा बाष्पाने भरतो, त्याचं काय? दोन नळ्या एकामागे एक जोडल्या की गळतीही कळते. आणि नवी यंत्रं वाफेचा एक भाग दुसऱ्या नळीत परत धरून ठेवतात.

जुना_ॲनालिस्ट:
त्या यंत्राची किंमत तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेला विचारा. तरी एक करू: एकाच खांबावर दोन्ही नळ्या लावा, मे आणि जुलै, दोन्ही महिने. आकडे जुळले तर मी कोळसा सोडतो.