मदत हवी आहे: दुपारनंतर करायचं काय?

नमस्कार मंडळी. मी परभणीची, यंदा पुण्यात एफसी रोडजवळच्या कॉलेजात एफवायला आलेय. लेक्चर्स साडेबाराला संपतात, एकला मेस, मग संध्याकाळपर्यंत कॉटवर लोळत रील्स. रूममेट रोज गुडलक कॅफेला चल म्हणते. बन मस्का आवडतो हो, पण महिनाअखेरीला पाकीट रडतं.

एकच गोष्ट जमलीय, फर्ग्युसनमागची टेकडी. खिशात भाजलेले शेंगदाणे घेऊन सहाला चढायचं आणि खाली दिवे लागताना बघत बसायचं. पण पावसात वाट इतकी निसरडी की परवा चपला हातात घेऊन उतरले.

आता खरा प्रश्न. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी सुरू झाल्यात. १९६३ पासूनची कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, तिथे स्टेजवर उभं राहायची माझी छाती नाही. पण नेपथ्य, लाइट्स, गेलाबाजार सामान उचलायला तरी नवख्यांना घेतात का? थेट तालमीच्या हॉलमध्ये जाऊन विचारू की एखाद्या सीनियरला मध्ये घालू?

शिवाय रविवारी आम्ही चौघी स्वारगेटहून पीएमपीच्या बसने सिंहगडला जाणार आहोत. पायथ्याहून परतीची बस साधारण किती वाजेपर्यंत मिळते? रिक्षाचे पैसे नाहीत.